ग्राफिक्स ड्रायव्हरची आज्ञा-साधने : संगणकात ती शोधायची कुठे?

अहिल्यानगर - लग्नसराईतील चित्रफितीचे संकलन ऐन रंगात आलेले असते, किंवा अभियांत्रिकीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला दोनच दिवस उरलेले असतात. आणि नेमका त्याच वेळी संगणक सांगतो, ग्राफिक्स कार्ड सापडत नाही. कार्ड तर आपल्या जागेवर असते. आदल्या दिवशीपर्यंत ते कामही करीत होते. मग धावपळ सुरू होते. कोणी इंटरनेटवर पहिले दिसेल ते ‘ड्रायव्हर अपडेट’ करणारे सॉफ्टवेअर उतरवून घेतो, कोणी सीपीयू उचलून दुकानात नेतो, तर कोणी थेट नव्या कार्डाच्या खर्चाचा हिशेब मांडतो.

या तिन्ही मार्गांपूर्वी करण्याजोगी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ग्राफिक्स कार्डाची खबर देणारे एक छोटे साधन अनेकदा ड्रायव्हरसोबतच संगणकात आलेले असते. त्याला स्वतःची खिडकी नसते, बटणे नसतात, डेस्कटॉपवर त्याचे चिन्हही नसते. काळ्या पडद्यावर एक ओळ टंकली, की ते उत्तर देते. हे साधन कोठे असते, ते कसे शोधावे आणि ते सापडलेच नाही तर त्यातून काय समजावे, याविषयीची ही माहिती.

ड्रायव्हर आणि त्याची साधने

संगणकात बसविलेले कोणतेही यंत्र विंडोज किंवा लिनक्सशी आपण होऊन बोलू शकत नाही. दोघांमध्ये एक दुभाषी लागतो. या दुभाष्यालाच ड्रायव्हर म्हणतात. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर इतर ड्रायव्हरांपेक्षा बराच मोठा असतो. पडद्यावर चित्र उमटविण्याबरोबरच चित्रफितींवर प्रक्रिया करणे, त्रिमितीय आकृत्या रेखाटणे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची आकडेमोड करणे, ही कामेही त्याच्याकरवी होतात.

अशा ड्रायव्हरसोबत कंपन्या काही जोडसाधने देतात. त्यांतील काही खिडकीच्या रूपात दिसतात; उदाहरणार्थ, एनव्हिडियाचे कंट्रोल पॅनेल किंवा एएमडीचे अ‍ॅड्रेनलिन. काही साधने मात्र केवळ आज्ञेने चालतात. त्यांतील सर्वांत परिचित साधन म्हणजे ‘एनव्हिडिया-एसएमआय’. एसएमआय ही ‘सिस्टीम मॅनेजमेंट इंटरफेस’ या नावाची आद्याक्षरे होत. कार्डाचे नाव, ड्रायव्हरची आवृत्ती, तापमान, विजेचा वापर, स्मृतीचा वापर आणि सध्या कार्डावर कोणते काम चालू आहे, एवढी सारी माहिती हे साधन एका तक्त्यात मांडते.

खिडकीतील साधने असताना आज्ञेच्या साधनाचे प्रयोजन काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटीपासून राज्यातील मोठा वर्ग माऊस आणि खिडक्यांच्या आधारे संगणक शिकला. काळ्या पडद्याशी त्याचा फारसा संबंध आला नाही. परंतु खिडकीतील साधन अनेकदा ड्रायव्हर बिघडताच उघडेनासे होते, किंवा नुसतेच ‘त्रुटी’ असे सांगून थांबते. आज्ञेचे साधन निदान कारणाकडे बोट दाखविते. शिवाय त्याचे उत्तर फाइलीत साठविता येते आणि दुसऱ्या जाणकाराला जसेच्या तसे पाठविता येते.

साखर कारखान्यांच्या परिसरात ‘कुडा’

हा विषय केवळ महानगरांतील खेळवेड्या तरुणांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. १९५० मध्ये प्रवरेच्या काठी आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो याच जिल्ह्यात. सहकाराच्या त्याच परंपरेतून पुढे शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. लोणी, संगमनेर आणि कोपरगाव या तिन्ही ठिकाणची अभियांत्रिकी महाविद्यालये १९८३ या एकाच वर्षी सुरू झाली. राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट खुली झाली, ते हेच वर्ष.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात अंतिम वर्षाला ‘हाय परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग’ हा विषय आहे. त्याच्या प्रात्यक्षिकांत ‘कुडा’च्या साह्याने दोन मोठ्या सदिशांची बेरीज आणि सारणींचा गुणाकार करावा लागतो. ‘कुडा’ हे एनव्हिडियाने २००६ मध्ये जाहीर केलेले तंत्र होय. ग्राफिक्स कार्डातील शेकडो, हजारो छोट्या गणक-घटकांना एकाच वेळी कामाला लावण्याची सोय त्यातून झाली. साहजिकच हे प्रात्यक्षिक करणाऱ्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न असतो, तो समोरच्या संगणकात चालू स्थितीतील एनव्हिडिया कार्ड आहे किंवा नाही, हा. त्याचे उत्तर एनव्हिडिया-एसएमआय देते.

जिल्ह्याची सीमा ओलांडली, की जुन्नर तालुक्यातील खोडद येथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. या दुर्बिणीचे आधुनिकीकरण करताना, सर्व तबकड्यांकडून येणाऱ्या संकेतांचा मेळ तत्क्षणी घालण्यासाठी ग्राफिक्स कार्डांचाच उपयोग करण्यात आला. पारनेर किंवा अकोल्यातील विद्यार्थी प्रयोगशाळेत ज्या प्रकारच्या कार्डावर बेरजा करतो, त्याच जातीची कार्डे शेजारच्या तालुक्यात आकाशगंगांच्या संकेतांची आकडेमोड करतात. थोडक्यात, हे कार्ड आता केवळ चित्रांचे राहिलेले नाही. म्हणूनच त्याची विचारपूस करता येणे अगत्याचे झाले आहे.

आधी कार्डाचे कूळ ओळखावे

शोधाला निघण्यापूर्वी आपल्या संगणकात कोणत्या कंपनीचे कार्ड आहे, हे निश्चित करावे. एनव्हिडियाचे साधन एएमडीच्या कार्डासोबत येणार नाही, हे उघडच आहे. परंतु असंख्य तास याच चुकीत वाया जातात.

विंडोजमध्ये यासाठी काहीही उतरवून घ्यावे लागत नाही. विंडोजचे बटण आणि ‘आर’ हे अक्षर एकत्र दाबावे. उघडलेल्या चौकटीत ‘डीएक्सडायग’ (अक्षरे : डी, एक्स, डी, आय, ए, जी) असे इंग्रजीत टंकून एंटर दाबावे. ‘डिस्प्ले’ या पानावर कार्डाचे नाव, उत्पादक आणि ड्रायव्हरची आवृत्ती दिसते. दुसरा मार्ग ‘डिव्हाइस मॅनेजर’चा. त्यातील ‘डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्स’ या शीर्षकाखाली संगणकाला दिसणारी सर्व कार्डे एकाखाली एक येतात. मदरबोर्डावरील प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल तर तेथे इंटेल किंवा एएमडीचे नाव दिसेल. वेगळे कार्ड बसविलेले असेल तर त्याचेही नाव असेल.

आवृत्तीविषयी एक खुबी लक्षात ठेवावी. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचा क्रमांक विंडोज वेगळ्या पद्धतीने दाखविते. तेथे ३१.०.१५.३६२३ असे दिसले, तर मधले टिंब वगळून शेवटचे पाच अंक घ्यावेत. ते ५३६२३ होतात. म्हणजेच कंपनीच्या भाषेत ड्रायव्हर ५३६.२३. संकेतस्थळावरील क्रमांकाशी हा क्रमांक ताडून पाहता येतो.

पूर्वी यासाठी ‘डब्ल्यूएमआयसी’ ही आज्ञा सर्रास सुचविली जात असे. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये ती कालबाह्य ठरविली असून, विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत ती मिळेलच असे नाही. शिवाय त्या आज्ञेने मिळणारा कार्डाच्या स्मृतीचा आकडा सुमारे ४ जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही. कार्ड ८ जीबीचे असूनही तेथे ४ जीबी दिसले, म्हणून दुकानदाराने फसविले असा निष्कर्ष काढू नये.

विंडोजमध्ये शोध

‘स्टार्ट’मध्ये ‘सीएमडी’ ही तीन अक्षरे टंकून कमांड प्रॉम्प्ट उघडावा. तेथे इंग्रजी लहान अक्षरांत एन, व्ही, आय, डी, आय, ए, त्यानंतर मोकळी जागा न सोडता आडवी रेघ म्हणजे हायफन, आणि पुढे एस, एम, आय असे टंकून एंटर दाबावे. ड्रायव्हर नवा असेल तर तक्ता लगेच समोर येतो.

तक्ता न येता ‘ही आज्ञा ओळखता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तरी साधन नाहीच असे समजू नये. विंडोज प्रत्येक आज्ञेचा शोध संपूर्ण संगणकात घेत नाही. चालू फोल्डर आणि ‘पाथ’ नावाच्या यादीत नोंदलेली मोजकी फोल्डरे, एवढ्यातच ती पाहते. पोस्टमनने नेमून दिलेल्या गल्ल्यांतच फिरावे, तसा हा प्रकार आहे. साधन त्या यादीबाहेरच्या फोल्डरमध्ये असेल तर ते असूनही सापडत नाही.

येथेच जुन्या आणि नव्या ड्रायव्हरांतील फरक महत्त्वाचा ठरतो. जुन्या ड्रायव्हरांत हे साधन सी ड्राइव्हवरील ‘प्रोग्रॅम फाइल्स’, त्यातील ‘एनव्हिडिया कॉर्पोरेशन’ आणि त्यातील ‘एनव्हीएसएमआय’ या फोल्डरमध्ये ठेवले जात असे. हे फोल्डर ‘पाथ’च्या यादीत नसल्याने तेथे स्वतः जावे लागे. नव्या धाटणीच्या ड्रायव्हरांत मात्र हेच साधन सी ड्राइव्हवरील ‘विंडोज’ फोल्डरमधल्या ‘सिस्टीम३२’मध्ये मिळते. सिस्टीम३२ यादीत असतेच; त्यामुळे आज्ञा कोठूनही चालते. इंटरनेटवरील अनेक जुन्या मार्गदर्शिका अजूनही ‘एनव्हीएसएमआय’ फोल्डरकडे पाठवितात. ते फोल्डर नव्या संगणकात दिसले नाही, म्हणून ड्रायव्हर अर्धवट बसला असे मानण्याचे कारण नाही.

साधन नेमके कोठे आहे, हे विंडोजलाच विचारता येते. त्यासाठी ‘व्हेअर’ (अक्षरे : डब्ल्यू, एच, ई, आर, ई) ही आज्ञा आहे. ‘व्हेअर’, मग जागा सोडून साधनाचे नाव, असे टंकले की यादीतील फोल्डरांत शोध होतो. संपूर्ण सी ड्राइव्ह धुंडाळायचा असेल तर ‘व्हेअर’नंतर तिरपी रेघ आणि ‘आर’, मग सी ड्राइव्हचा पत्ता, आणि शेवटी साधनाचे नाव ‘डॉट ईएक्सई’सह द्यावे. या शोधाला काही मिनिटे लागू शकतात. पॉवरशेलची निळी खिडकी वापरणाऱ्यांनी मात्र ‘व्हेअर’च्या पुढेही ‘डॉट ईएक्सई’ जोडावे. पॉवरशेलमध्ये नुसत्या ‘व्हेअर’चा अर्थ निराळा असल्याने काहीच उत्तर येत नाही आणि शोधणारा उगाच गोंधळतो.

संपूर्ण ड्राइव्ह शोधल्यावर एकाहून अधिक ठिकाणी हेच नाव सापडण्याचा संभव असतो. सिस्टीम३२ मध्ये ‘ड्रायव्हरस्टोअर’ नावाचे फोल्डर असते. ते म्हणजे विंडोजचे ड्रायव्हरांचे कोठार. जुन्या आवृत्त्यांचे संचही त्यात पडून राहतात आणि प्रत्येक संचात साधनाची एक प्रत असू शकते. त्या फोल्डरांच्या लांबलचक नावांत ‘एएमडी६४’ अशी अक्षरे दिसतात. ती एएमडी कंपनीच्या कार्डाची खूण नसून ६४ बिटी प्रोसेसरच्या रचनेचे ते नाव आहे. एनव्हिडियाच्या फोल्डरवरही ते असतेच. हे कोठार हाताने कधीही साफ करू नये. जुने संच काढायचेच झाले, तर विंडोजच्या ‘डिस्क क्लीनअप’मधील ड्रायव्हरविषयक पर्याय वापरावा.

एक नेहमीचा अनुभव असा, की फाइल सापडल्यावर तिच्यावर दोनदा क्लिक केले जाते. काळी खिडकी क्षणभर चमकते आणि नाहीशी होते. साधन बिघडलेले आहे, असा समज होतो. वस्तुतः त्याने आपले काम पूर्ण केलेले असते. उत्तर देऊन ते बंद झाले एवढेच. म्हणून आधी कमांड प्रॉम्प्ट उघडून मगच आज्ञा द्यावी.

उत्तर कसे वाचावे?

तक्त्याच्या वरच्या ओळीत ड्रायव्हरची आवृत्ती असते. तिच्या शेजारी ‘कुडा’ची आवृत्ती दिसते आणि विद्यार्थ्यांची सर्वाधिक फसगत येथेच होते. तेथील आकडा हा ड्रायव्हर जास्तीत जास्त कोणत्या आवृत्तीपर्यंत साथ देऊ शकतो, एवढेच सांगतो. प्रोग्रॅम लिहिण्यासाठी लागणारा ‘कुडा टूलकिट’ संगणकात बसविलेला आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. टूलकिट आहे किंवा नाही, हे पाहण्यासाठी ‘एनव्हीसीसी’ ही वेगळी आज्ञा आहे. विंडोजमध्ये ती ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधील ‘एनव्हिडिया जीपीयू कॉम्प्युटिंग टूलकिट’ या फोल्डरच्या आत, आवृत्तीच्या नावाच्या फोल्डरमधील ‘बिन’मध्ये असते. पहिली आज्ञा चालते आणि दुसरी चालत नाही, याचा अर्थ ड्रायव्हर ठीक आहे, पण टूलकिट बसवायचा राहिला आहे.

त्याखाली तापमान, विजेचा वापर वॉटमध्ये, स्मृतीचा वापर आणि कार्ड किती टक्के कामात आहे, हे आकडे येतात. एप्रिल-मेमध्ये जिल्ह्यात पारा चाळिशीच्या आसपास गेला, की बंद खोलीतील संगणकाची कसोटी लागते. अनेक कार्डे साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान स्वतःला वाचविण्यासाठी आपली गती कमी करतात. चित्रफितीचे काम अचानक रेंगाळू लागले आणि तापमान या पातळीवर दिसले, तर दोष सॉफ्टवेअरचा नसून साचलेल्या धुळीचा किंवा पंख्याचा असण्याची शक्यता अधिक. आज्ञेपुढे जागा सोडून हायफन, ‘एल’ हे लहान अक्षर आणि ५ हा अंक दिला, की दर पाच सेकंदांनी ताजे आकडे येत राहतात. थांबविण्यासाठी कंट्रोल आणि ‘सी’ एकत्र दाबावे.

काही रकान्यांत ‘एन/ए’ असे दिसते. विंडोजवर जीफोर्स मालिकेतील कार्डांच्या बाबतीत प्रत्येक प्रोग्रॅमने किती स्मृती घेतली, हे साधन सांगू शकत नाही. तो बिघाड नव्हे.

लिनक्सवर शोध

महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत उबुंटू मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. तेथे शोध अधिक सरळ आहे. टर्मिनल उघडून ‘व्हिच’ (अक्षरे : डब्ल्यू, एच, आय, सी, एच) या आज्ञेपुढे साधनाचे नाव द्यावे. साधन असल्यास ‘यूएसआर’ या फोल्डरमधील ‘बिन’चा पत्ता मिळतो. काहीच उत्तर आले नाही तर साधन बसविलेले नाही. उबुंटूत ते ‘एनव्हिडिया-युटिल्स’ आणि पुढे ड्रायव्हर-शाखेचा क्रमांक, अशा नावाच्या पॅकेजमधून येते.

परंतु येथे घाई करू नये. साधन नसल्याचे दिसताच टर्मिनल स्वतःहून काही पॅकेजे सुचविते आणि अनेक जण त्यांतील पहिले बसवितात. शाखा चालू ड्रायव्हरपेक्षा वेगळी निघाली तर आधीची घडीही मोडते. त्याऐवजी ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेपुढे हायफन आणि ‘के’ देऊन कार्ड सध्या कोणत्या ड्रायव्हरवर चालू आहे, ते पाहावे. तेथे ‘नूवो’ हे नाव दिसले, तर तो लिनक्ससोबत येणारा खुला ड्रायव्हर होय. पडद्यावर चित्र येते, पण एनव्हिडियाची साधने त्याच्यासोबत चालत नाहीत. मग ‘उबुंटू-ड्रायव्हर्स’ या आज्ञेपुढे ‘डिव्हायसेस’ हा शब्द दिल्यास त्या कार्डासाठी शिफारस केलेली शाखा कळते. तीच बसवावी आणि संगणक पुन्हा चालू करावा.

एएमडी आणि इंटेलचे काय?

एएमडीने २००६ मध्ये एटीआय ही कंपनी विकत घेऊन ग्राफिक्सच्या क्षेत्रात पाऊल टाकले. तिची आज्ञा-साधने प्रामुख्याने लिनक्सवर आहेत. ‘आरओसीएम’ हा संच बसविल्यास ‘आरओसीएम-एसएमआय’ आणि अलीकडील ‘एएमडी-एसएमआय’ ही साधने मिळतात. ती ‘ओपीटी’ फोल्डरमधील ‘आरओसीएम’ आणि त्यातील ‘बिन’ येथे असतात. हे फोल्डर यादीत नसेल, तर पूर्ण पत्ता देऊनच ती चालवावी लागतात. घरगुती विंडोज संगणकावर एएमडीच्या कार्डासाठी एनव्हिडियासारखे सर्वांच्या उपयोगाचे आज्ञा-साधन नाही. तेथे अ‍ॅड्रेनलिनच्या खिडकीतूनच माहिती घ्यावी.

इंटेलच्या ग्राफिक्ससाठी लिनक्सवर ‘इंटेल-जीपीयू-टूल्स’ हे पॅकेज आहे. त्यातील ‘इंटेल जीपीयू टॉप’ हे साधन कार्ड किती व्यग्र आहे, ते दाखविते. आज्ञा टंकताना या शब्दांमध्ये मोकळी जागा न सोडता खालची रेघ द्यावी लागते, आणि ती चालविण्यासाठी प्रशासकाचा अधिकार लागतो. विंडोजवर इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडिया यांपैकी कोणतेही कार्ड असो, विंडोज १० च्या २०१७ मधील सुधारणेपासून ‘टास्क मॅनेजर’मध्येच ग्राफिक्सचा वापर दिसू लागला आहे. साध्या कामासाठी तेवढे पुरेसे असते.

न सापडणे, हेही उत्तरच

साधन सापडले नाही किंवा सापडूनही त्याने नकार दिला, तर त्यातूनही निदान करता येते.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ असे नाव असेल, तर कार्डाचा स्वतःचा ड्रायव्हर बसलेलाच नाही. अशा वेळी साधन शोधण्यात अर्थ नाही; आधी ड्रायव्हर बसवावा. वेगळे कार्ड असूनही तेथे केवळ इंटेलचे नाव दिसत असेल, तर संगणकाला कार्डच दिसत नाही. वीज बंद करून कार्ड खाचेत नीट बसले आहे ना आणि त्याला वीज देणारी वायर जोडलेली आहे ना, हे पाहावे. दोन्ही नावे दिसतात, साधनही उत्तर देते, पण खेळ किंवा चित्रफीत मंदच चालते, अशी तक्रार असेल तर मॉनिटरची केबल तपासावी. ती कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या खाचेत जोडलेली असणे, ही डेस्कटॉपवरील अत्यंत सामान्य चूक आहे.

लिनक्सवर साधन सुरू होऊन ‘ड्रायव्हरशी संपर्क साधता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तर बहुधा कर्नलची नवी आवृत्ती बसल्यावर ड्रायव्हर तिच्याशी जुळलेला नसतो, किंवा ‘सिक्युअर बूट’ने त्याला अडविलेले असते. ड्रायव्हर आणि लायब्ररी यांच्या आवृत्त्या जुळत नाहीत, असा संदेश असेल तर पार्श्वभूमीवर ड्रायव्हर अद्ययावत झाला आहे आणि जुना भाग अजून स्मृतीत आहे. बहुतेक वेळा संगणक पुन्हा चालू करणे एवढाच त्यावर उपाय असतो.

कार्डाचे वयही पाहावे. एनव्हिडियाने जुन्या कार्डांसाठी ड्रायव्हरच्या शाखा टप्प्याटप्प्याने थांबविल्या आहेत. जीफोर्स ४०० आणि ५०० या मालिकांसाठी ३९०, तर ६०० आणि बहुतेक ७०० मालिकांसाठी ४७० ही शेवटची शाखा. स्वस्त संगणकांत दिसणारे जीटी ७१० हे कार्ड याच गटातील. ९०० आणि १० या मालिकांसाठी ५८० ही शेवटची शाखा आहे. त्यापुढचा ड्रायव्हर या कार्डांवर बसविण्याचा प्रयत्न केला, तर दोष कार्डाचा नसतानाही ते ‘गेले’ असे वाटते. नवे कार्ड घेण्यापूर्वी योग्य शाखेचा ड्रायव्हर लावून पाहावा; कित्येकदा हजारो रुपये वाचतात.

सावधगिरी

शोध घेताना सर्वांत मोठा धोका असतो तो फाइल बाहेरून आणण्याचा. एनव्हिडिया-एसएमआय किंवा त्याची लायब्ररी सुटी उतरवून देणारी संकेतस्थळे आहेत. ड्रायव्हरची साधने ड्रायव्हरसोबतच येतात आणि त्याच्याच आवृत्तीशी बांधलेली असतात. सुटी फाइल आणून सिस्टीम३२ मध्ये टाकल्याने काम होण्याची शक्यता कमी आणि विषाणू येण्याची शक्यता अधिक. ड्रायव्हर घ्यायचा तो कार्ड बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, विंडोज अपडेटमधून किंवा लिनक्सच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावा. ‘तुमचा ड्रायव्हर जुना झाला आहे’ असे सांगून दूरध्वनी करणाऱ्यास किंवा संगणकाचा ताबा मागणाऱ्यास दाद देऊ नये. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

जुने कार्ड घेताना हे साधन उपयोगी पडते, पण त्यावर पूर्ण विसंबू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची खाणकाम-पद्धत बंद झाली आणि त्या कामात राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. जुन्या कार्डाच्या अंतर्गत नोंदीत फेरफार करून ते नव्या मालिकेचे भासविण्याचे प्रकारही घडतात. अशा कार्डाने सांगितलेले नावच साधन दाखवू शकते. त्यामुळे नाव, स्मृती आणि प्रत्यक्ष भाराखालील तापमान अशा तिन्ही गोष्टी पाहाव्यात. ‘जीपीयू-झेड’ या मोफत साधनात २०१८ पासून एनव्हिडियाची बनावट कार्डे ओळखण्याची सोय आहे. तिचाही आधार घ्यावा.

एनव्हिडिया-एसएमआय केवळ माहिती देत नाही. प्रशासकाचा अधिकार असल्यास काही कार्डांच्या वीजमर्यादेसारख्या गोष्टी ते बदलूही शकते. माहिती विचारणाऱ्या आज्ञा निर्धोक असतात. बदल करणाऱ्या आज्ञा अर्थ समजल्याखेरीज टंकू नयेत.

कार्डच नसेल तर?

घरी एनव्हिडियाचे कार्ड नसलेल्या विद्यार्थ्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. गुगलच्या ‘कोलॅब’ या सेवेत ‘रनटाइम’चा प्रकार बदलून ग्राफिक्स कार्ड निवडता येते. मोफत वापराला मर्यादा आहेत, परंतु प्रात्यक्षिकाच्या सरावाला ते पुरते. तेथेही पहिली आज्ञा हीच. फक्त तिच्या आधी उद्गारचिन्ह द्यावे लागते. तक्ता उमटला, की दूरच्या कुठल्याशा केंद्रातील कार्ड आपल्यासाठी तयार आहे असे समजावे.

थोडक्यात

• प्रथम डीएक्सडायग किंवा डिव्हाइस मॅनेजरमधून कार्डाची कंपनी ओळखावी.

• विंडोज, नवा ड्रायव्हर : सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टीम३२.

• विंडोज, जुना ड्रायव्हर : सी ड्राइव्ह, प्रोग्रॅम फाइल्स, एनव्हिडिया कॉर्पोरेशन, एनव्हीएसएमआय.

• लिनक्स, एनव्हिडिया : यूएसआर, बिन. लिनक्स, एएमडी : ओपीटी, आरओसीएम, बिन.

• पत्ता विचारण्यासाठी विंडोजमध्ये ‘व्हेअर’, लिनक्समध्ये ‘व्हिच’.

• फाइलवर दोनदा क्लिक करू नये. आधी कमांड प्रॉम्प्ट उघडावा.

• सुटी फाइल कधीही उतरवून घेऊ नये; साधन हवे असेल तर पूर्ण ड्रायव्हरच बसवावा.

• संगणक दुकानात नेण्यापूर्वी साधनाचे उत्तर किंवा त्याने दिलेला नकार शब्दशः लिहून घ्यावा. दुरुस्ती करणाऱ्याचा वेळ त्यामुळे वाचतो, आणि दुरुस्तीनंतर तीच आज्ञा पुन्हा देऊन काम झाले किंवा नाही, हे ग्राहकाला स्वतः पडताळता येते.